जुन्या स्प्रिंगवाल्या टर्नटेबलवर जड वजन आणि पातळ मॅट : एका मशीनची पूर्ण केस

पार्श्वभूमी

ही केस एका ओळखीच्या काकांच्या टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या मशीनची आहे. नाव-गाव काही देत नाही, मशीनचा ब्रँडही नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. मशीन १९७० च्या दशकातलं, बेल्ट ड्राइव्ह (मोटर पट्ट्यानं चकती फिरवते असं), आणि मुख्य म्हणजे तीन स्प्रिंगवर तरंगणारं सबचेसिस असलेलं. ही रचना एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या १९६१ च्या टर्नटेबलमुळं गाजली, मग १९६५ मध्ये थोरेन्सचं टीडी १५० आलं, पुढं लिनचं एलपी १२ आलं, आणि त्यानंतर कितीतरी जणांनी थोड्याफार फरकानं तेच केलं. कल्पना अशी की प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती चकती), बेअरिंग आणि आर्म (सुई धरणारा दांडा) हे तिघं एकाच पत्र्यावर बसवायचे, तो पत्रा स्प्रिंगवर तरंगत ठेवायचा, आणि मोटर मात्र बाहेरच्या घट्ट भागावर ठेवायची. मग जमिनीचे हादरे आणि मोटरची थरथर दोन्ही सुईपर्यंत पोचत नाहीत, निदान कमी पोचतात.

हे सुरुवातीलाच सांगतोय कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट प्लॅटर फिरवते अशा) किंवा घट्ट प्लिंथच्या, म्हणजे बाहेरच्या खोक्याच्या, मशीनवर वजन ठेवलं तर फार तर बेअरिंगवर भार वाढतो, पण तरंगत्या मशीनवर वजन ठेवलं की सगळं मशीनच खाली बसतं.

काकांकडं हे मशीन त्यांच्या मोठ्या भावाकडून आलं. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) चांगलं होतं, सुई नवी होती, प्लॅटरवर रेकॉर्डखाली टाकायची मूळची रबर मॅट होती. मॅट जुनी, वरून चकचकीत झालेली, कडेनं किंचित उचललेली. काकांनी ती काढून तीन मिलिमीटरची कॉर्कची मॅट टाकली. आवाज "उघडला" असं त्यांना वाटलं आणि ते खूश झाले. मग काही रेकॉर्डी बशीसारख्या वाकलेल्या होत्या म्हणून त्यांनी स्टेनलेस स्टीलचं एक भरभक्कम वजन घेतलं, मधल्या स्पिंडलवर, म्हणजे रेकॉर्डच्या भोकात जाणाऱ्या खुंटीवर, ठेवायचं. दिसायला फार सुंदर वस्तू, हातात घेतली की भारी वाटते.

तक्रार काय होती

वजन आल्यावर तीन गोष्टी एकापाठोपाठ सुरू झाल्या. लांब ताणलेल्या सुरांवर, म्हणजे पियानो किंवा संथ आलाप असेल तिथं, सूर किंचित डुगडुगायला लागला. खोलीत कोणी चालत गेलं की सुई उडायची, जी आधी उडत नव्हती. आणि रेकॉर्डच्या प्रत्येक फेरीला एकदा खालून खर्र असा बारीक आवाज यायचा, गाणं चालू असताना ऐकू येत नाही पण दोन गाण्यांच्या मधे येतो.

काकांनी आधी बेल्ट बदलला. सूर डुगडुगतोय म्हणजे बेल्ट सैल झाला असणार असा त्यांचा अंदाज, आणि अंदाज तसा वावगा नव्हता, जुन्या मशीनला बहुतेक वेळा तेच असतं. पण नवा बेल्ट घालूनही फरक पडला नाही. मग मला बोलावलं. म्हणाले, "अरे, मोटर गेलीय बहुतेक, बघ जरा." मी म्हटलं, "काका, मोटर नंतर बघू, आधी मला सांगा मशीनवर शेवटचं नवीन काय आलंय." तेव्हा मॅट आणि वजनाचा विषय निघाला. दोन्हीचा संबंध लागेल असं त्यांच्या डोक्यात नव्हतं, कारण त्यांच्या मते ते वजन "सुधारणा" होती.

पहिला निर्णय : ऐकायचं की मोजायचं

इथं दोन रस्ते होते. एक म्हणजे वजन काढून ऐकायचं, बरं वाटलं तर वजन कपाटात आणि केस बंद. दुसरा म्हणजे नेमकं काय होतंय ते मोजायचं. पहिला रस्ता सोपा होता पण त्यात काकांचा मूळ प्रश्न तसाच राहिला असता, वाकलेल्या रेकॉर्डींचं करायचं काय? शिवाय मॅट आणि वजन अशा दोन गोष्टी बदललेल्या होत्या, त्यातली कुठली काय करते हे वजन उचलून कळलं नसतं. म्हणून मोजायचं ठरलं.

साधा डिजिटल काटा घेतला. जुनी रबर मॅट निघाली ४०० ग्रॅमच्या आसपास आणि जाडी ५ मिलिमीटर. कॉर्क ६० ग्रॅम, ३ मिलिमीटर. स्टीलचं वजन ७८० ग्रॅम. प्लॅटर दोन भागांत, मिळून तीन किलोच्या वर.

आता हिशोब बघा. मशीन ज्या दिवशी कारखान्यातून निघालं त्या दिवशी स्प्रिंगा त्या ४०० ग्रॅमच्या मॅटसकट जुळवलेल्या होत्या. कॉर्क टाकल्यावर ३४० ग्रॅम कमी झाले, म्हणजे तरंगता भाग वर उचलला गेला. मग ७८० ग्रॅम आले. एकूण मूळपेक्षा ४४० ग्रॅम जास्त. या मशीनवर मोजून बघितलं तर शंभर ग्रॅमला साधारण पाव मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त खाली जायचं, म्हणजे कॉर्क आल्यावर प्लॅटर जवळजवळ एक मिलिमीटर वर आणि वजन आल्यावर तिथून दोन मिलिमीटरच्या वर खाली, मूळ जागेपेक्षा सव्वा मिलिमीटर खाली. ऐकायला हे काहीच नाही. पण मोटरची पुली घट्ट भागावर आहे, ती खाली आली नाही, ती होती तिथंच. बेल्ट एका बाजूला खाली गेलेल्या आतल्या प्लॅटरवर आणि दुसऱ्या बाजूला न हललेल्या पुलीवर, म्हणजे तिरका. बेल्ट पुलीच्या मधल्या फुगीर भागावर चालायला हवा, तो खालच्या कडेला घासत होता.

आणि ते सव्वा मिलिमीटर सगळीकडं सारखं नव्हतं. तीनपैकी आर्मच्या बाजूची एक स्प्रिंग बाकी दोघींपेक्षा थकलेली होती, वयानं होतं असं. भार कमी होता तोवर तिचं निभावलं, भार वाढल्यावर ती जास्त दबली आणि प्लॅटर तिकडं झुकला. छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून बघितलं तर प्लिंथ सरळ आणि प्लॅटर वाकडा. झुकल्यामुळं ती स्प्रिंग स्वतःच्या भोकाच्या कडेला टेकत होती. खर्र आवाज त्या बाजूला प्लॅटरची खालची कड बाहेरच्या न हलणाऱ्या पत्र्याला हलकेच लागत होती त्याचा. आणि स्प्रिंग टेकली की हादरा अडवणारं उरलं काय, जमिनीवरचं पाऊल थेट सुईपर्यंत.

सूर का डुगडुगतो तेही इथंच सापडलं. नीट जुळवलेलं तरंगतं मशीन वरून हलकं दाबून सोडलं तर सरळ वर-खाली होतं, आडवं हलत नाही. हे आडवं झुलत होतं. आडवं झुललं की मोटर आणि प्लॅटरमधलं अंतर कमी-जास्त होतं, म्हणजे बेल्टचा ताण कमी-जास्त, म्हणजे वेग कमी-जास्त. काकांनी नवा बेल्ट घातला तरी फरक का पडला नाही ते कळलं असेल.

वेग बघायचा असेल तर एक गोष्ट जाता जाता सांगतो. फोन प्लॅटरवर ठेवून वेग मोजायचं ॲप वापरतात बरेच जण. फोन दीड-दोनशे ग्रॅमचा, तोही मधोमध बसत नाही, आणि तरंगत्या मशीनवर म्हणजे तुम्ही मोजताना मशीनच बदलून टाकता. त्यापेक्षा कागदाची स्ट्रोब डिस्क घ्या, ५० हर्ट्झच्या विजेला मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची, आणि सुई खाली ठेवून रेघा थांबलेल्या दिसतात का बघा. दिवा मात्र विजेच्या तालावर लुकलुकणारा हवा, कित्येक एलईडी दिव्यांखाली रेघा दिसतच नाहीत.

वजनानं प्लॅटर जास्त स्थिर फिरतो का

काकांनी वजन घेताना हे कारणही दिलं होतं की जड झालं की फ्लायव्हीलसारखं स्थिर फिरेल. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की इथं थांबून हिशोब करतोच.

फिरत्या वस्तूचं जडत्व नुसत्या वजनावर ठरत नाही, ते वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतं. काकांचं वजन ८ सेंटिमीटर व्यासाचं होतं, म्हणजे सगळे ७८० ग्रॅम मध्यापासून ४ सेंटिमीटरच्या आत. कॉर्कची मॅट ६० ग्रॅमची पण कडेपर्यंत पसरलेली, १५ सेंटिमीटर त्रिज्या. दोन्हीला चकतीचं सूत्र लावा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. ७८० ग्रॅमचं स्टील आणि ६० ग्रॅमची कॉर्क, दोघांचं जडत्व जवळजवळ सारखं येतं! आणि ती जुनी ४०० ग्रॅमची रबर मॅट त्या स्टीलच्या सातपट येते.

म्हणजे काकांनी रबर काढून कॉर्क आणि वजन ठेवलं तेव्हा बेअरिंगवरचा भार वाढला, स्प्रिंगवरचा भार वाढला, आणि फ्लायव्हील उलट कमी झालं. प्लॅटरच्या स्वतःच्या जडत्वापुढं हा फरक फार नाही, दहा टक्क्यांच्या आतबाहेर, पण ज्या कारणासाठी वजन घेतलं ते कारणच उलटं निघालं. मी कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग ते रबर मूर्खपणानं नव्हतं ठेवलं त्यांनी." नव्हतंच ठेवलं. त्या काळच्या इंजिनिअरांनी मॅट हा मशीनचाच भाग धरला होता.

बेअरिंगबद्दल मात्र घाबरवायचं नाही मला. फिरता भार आधी प्लॅटर अधिक मॅट असा ३.६ किलोच्या आसपास, आता ४ किलोच्या थोडा वर, म्हणजे बारा टक्के वाढ. तेल नीट असेल तर ठीक बेअरिंग एवढ्यानं मरत नाही. पण जुन्या मशीनात तेल कधी घातलं होतं हेच कोणाला माहीत नसतं, आणि खालची टेकू-चकती प्लॅस्टिकची असेल तर टोकाखाली खड्डा पडलेला असू शकतो. तेव्हा वजन ठेवायच्या आधी स्पिंडल उचलून बघावा. काकांचं बेअरिंग बरं निघालं, जुनं काळपट तेल पुसून नवं घातलं एवढंच.

मॅट बदलल्यावर आवाज "उघडला" तो का

मला सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला आणि सगळ्यात जास्त मजाही इथंच आली. काका कॉर्कवर इतके खूश होते की ती काढायला तयार नव्हते. त्यांचं ऐकणं खोटं नव्हतं, फरक खराच होता. प्रश्न एवढाच की फरक कॉर्कचा होता का.

रबर ५ मिलिमीटर, कॉर्क ३ मिलिमीटर. रेकॉर्डचा पृष्ठभाग आर्मच्या मानानं २ मिलिमीटर खाली गेला. (वजनानं जे खाली गेलं त्याचा इथं संबंध नाही, कारण आर्म त्याच सबचेसिसवर आहे, तो प्लॅटरबरोबरच खाली जातो. मॅटचा मात्र आहे.) नऊ इंची आर्मची परिणामी लांबी २३ सेंटिमीटरच्या आसपास, तिथं २ मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश. आर्मचं मागचं टोक तेवढं वर गेलं, सुई खाचेत तेवढी तिरकी बसली. बारीक टोकाच्या सुईला अर्धा अंश कळतो, वरच्या पट्टीत जास्त चमक येते, स स जास्त ऐकू येतो. आणि नेमकं तेच काका सांगत होते, व्हायोलिन जवळ आलं, झांजा सुट्या झाल्या.

या आर्मची उंची सहज बदलता येत नव्हती. म्हणून हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज अडकवायचा भाग) आणि कार्ट्रिज यांच्यामधे २ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घातली, सुईचा भार आणि ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढं किती जाते ते अंतर) परत जुळवले, आर्म पुन्हा रेकॉर्डला समांतर. मग कॉर्क पट्टीसकट आणि रबर पट्टीविना असं आळीपाळीनं ऐकवलं, काका पाठ करून बसलेले, मॅट कुठली ते त्यांना सांगायचं नाही. दर वेळी कार्ट्रिज सोडायचं-बसवायचं म्हणजे मधे खूप वेळ जातो, त्यामुळं ही परीक्षा अगदी काटेकोर म्हणता येणार नाही. पण काका खात्रीनं ओळखू शकले नाहीत. पट्टी काढून कॉर्क ठेवली की मात्र लगेच ओळखायचे.

यातून कॉर्क आणि रबर सारखेच असा अर्थ मी काढत नाही. मॅटचं द्रव्य रेकॉर्डची थरथर किती शोषतं, किती परत पाठवतं, त्यानं फरक पडतोच, विशेषतः पोकळ वाजणाऱ्या धातूच्या प्लॅटरवर. पण उंची न जुळवता दोन मॅटची तुलना केली तर तुम्ही मॅट नाही, कोन ऐकत असता.

आणखी एक गोष्ट जी सपाट मॅट घेताना कोणी बघत नाही. एलपी सपाट नसतो. लेबलचा भाग आणि बाहेरची कड जाड, मधला वाजणारा भाग पातळ, म्हणजे एकावर एक रेकॉर्ड ठेवल्या तरी खाचा एकमेकींना लागू नयेत. जुन्या रबर मॅटला मधे लेबलएवढा खोलगट भाग असतो तो त्यासाठी. काकांची कॉर्क एकसारखी सपाट होती. रेकॉर्ड तिच्यावर लेबलवर आणि कडेवर टेकायचा, ज्या भागात संगीत आहे तो मधे अधांतरी. वरून ७८० ग्रॅम ठेवले तरी ते लेबलवरच दाबतात, वाजणारा भाग मॅटला चिकटत नाही.

आणि ज्यांचा प्लॅटर लोखंडाचा आहे त्यांच्यासाठी, थोरेन्स टीडी १२४ च्या सुरुवातीच्या मशीनांना लोखंडी प्लॅटर होता, अशा प्लॅटरवर पातळ मॅट टाकली की कार्ट्रिजचं चुंबक लोखंडाच्या जवळ येतं आणि ओढलं जातं, जोरदार चुंबकाच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला तर फारच. काट्यावर सुईचा भार बरोबर दाखवतो आणि रेकॉर्डवर तो जास्त असतो. काकांच्या प्लॅटरला हा प्रश्न नव्हता.

पर्याय

आता काय करायचं. एक, वजन ठेवायचं आणि स्प्रिंगा त्या वजनासकट परत जुळवायच्या. करता येतं, पण मग दर रेकॉर्डला वजन ठेवावंच लागतं, एखाद्या वेळी विसरलं की प्लॅटर दोन मिलिमीटर वर. शिवाय ती थकलेली स्प्रिंग आधीच शेवटच्या आट्यांवर होती. काकांना हाच पर्याय आवडला होता, वजनावर जीव जडला होता त्यांचा.

दोन, सगळं काढून जुनी रबर मॅट परत. मशीन खूश, पण मॅट कडक झालेली, रेकॉर्ड तिच्यावर घसरायचा, आणि वाकलेल्या रेकॉर्डींचं दुखणं तसंच.

तीन, बाहेरच्या कडेवर बसणारी रिंग. वाकलेल्या रेकॉर्डला हिच्यासारखा उपाय नाही आणि जडत्वही खरोखर वाढतं, पण या रिंगा जड असतात, आर्म उतरवताना सुई आपटायची भीती, आणि स्प्रिंगवाल्या मशीनला तर नकोच. यावर फार वेळ घालवला नाही.

चार, वजनाऐवजी क्लॅम्प. स्पिंडलला पकडून रेकॉर्ड खाली दाबणारा, पन्नास-साठ ग्रॅमचा. यातली गंमत अशी की क्लॅम्प रेकॉर्ड खाली दाबतो तेवढ्याच जोरानं स्पिंडल वर ओढतो, दोन्ही बळं प्लॅटरच्या आतल्या आत मिटतात, बेअरिंगला आणि स्प्रिंगला फक्त त्याचे स्वतःचे पन्नास-साठ ग्रॅम कळतात. अट एकच, स्पिंडल पकडायला पुरेसा वर यायला हवा आणि तो प्लॅटरबरोबर फिरणारा हवा. काही जुन्या चेंजर (रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या) मशीनात स्पिंडल स्थिर असतो आणि प्लॅटर त्याच्याभोवती फिरतो, तिथं पकडणारा क्लॅम्प लावायचा नाही.

दुसरा निर्णय : काकांचा

चौथा पर्याय मला सरळ दिसत होता, पण मशीन काकांचं. मी त्यांना म्हटलं, "काका, वजन तुम्ही कशासाठी घेतलं होतं ते आधी सांगा." ते म्हणाले, वाकलेल्या रेकॉर्डींसाठी. मग आम्ही त्या रेकॉर्डी काढल्या आणि एकेक बघितली. बशीसारखी वाकलेली रेकॉर्ड एका बाजूनं ठेवली की मधे फुगलेली असते, कड टेकलेली. दुसऱ्या बाजूनं ठेवली की मध्य टेकलेला, कड उचललेली. मध्यावरचं वजन पहिल्या बाजूला उपयोगी पडतं. दुसऱ्या बाजूला त्याचा काही उपयोग नाही, कारण मध्य आधीच खाली टेकलाय, त्याला अजून दाबून कड खाली येत नाही. काकांनी स्वतः वजन ठेवून, कडेला डोळा लावून बघितलं.

क्लॅम्पनं हे दुसऱ्या बाजूचं दुखणंही जातं, एक युक्ती आहे. स्पिंडलवर रेकॉर्डच्या खाली लहानसा पातळ वॉशर टाकायचा, म्हणजे मध्य किंचित उचललेला राहतो. मग वरून क्लॅम्प लेबलच्या कडेनं दाबतो आणि रेकॉर्ड वाकून बाहेरची कड मॅटवर येते. वजनानं हे होत नाही कारण तेवढा जोर लागत नाही. हे बघितल्यावर काकांनी वजनाचा हट्ट सोडला. माझ्या सांगण्यापेक्षा त्या एका प्रयोगानं जास्त काम केलं.

काय केलं

सगळं उतरवून मशीन उघड्या चौकटीवर ठेवलं, खालून स्प्रिंगच्या नटांना हात पोचेल असं. मॅट म्हणून कॉर्कच ठेवली, पण तिच्या मधे लेबलपेक्षा थोडं मोठं, १०२ मिलिमीटर व्यासाचं गोल कापून काढलं आणि खाली २ मिलिमीटरचं चामडं टाकलं, म्हणजे एकूण जाडी परत ५ मिलिमीटर आणि लेबलला खोलगट जागा. आर्ममधली पट्टी काढून टाकली, आता तिची गरजच नव्हती. काकांना आधी वाटलं की त्यांचा उघडा आवाज जाणार. त्यांना सांगितलं की तो कोन हवाच असेल तर तो नंतर मुद्दाम लावता येईल, मॅटच्या आडून नको.

नवी मॅट-जोडी आणि क्लॅम्प मिळून जुन्या रबरपेक्षा हलकी भरली. स्प्रिंगा तेवढ्याला जुळवल्या, आर्म त्याच्या खुंटीवरून सोडवून खेळत्या जागी ठेवून, प्लॅटरवर रेकॉर्ड आणि क्लॅम्प ठेवून, दाबायचं सोडायचं बघायचं, सरळ वर-खाली होईपर्यंत. थकलेल्या स्प्रिंगचा नट बाकी दोघींपेक्षा बराच वर घ्यावा लागला. नीट जुळलेल्या मशीनचा हा झोका सेकंदाला तीन-चार वेळा असतो. हे का महत्त्वाचं ते सांगतो : वाकलेली रेकॉर्ड सुईला फेरीला एकदा, म्हणजे ०.५५ हर्ट्झला, आणि तिच्या पटीत काही हर्ट्झपर्यंत हलवते, आणि आर्म-कार्ट्रिजचा स्वतःचा झोका ८ ते १२ हर्ट्झमधे असावा असं धरतात. काकांचा हिशोब, आर्म-कार्ट्रिजचं एकूण वस्तुमान २३ ग्रॅम, कार्ट्रिजचा कम्प्लायन्स (सुईची लवचिकता) २०, तर १५९ भागिले त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, सुमारे ७.४ येतं. थोडं खाली आहे, म्हणजे वाकलेली रेकॉर्ड जिथं हलवते त्याच्या जास्त जवळ. म्हणून यांना वाकलेल्या रेकॉर्डींचा त्रास इतरांपेक्षा जास्त व्हायचा, आणि म्हणून रेकॉर्ड सपाट करणं यांच्यासाठी चैन नव्हती.

बेल्ट शेवटी. प्लॅटर योग्य उंचीवर आल्यावर तो आपोआप पुलीच्या मधोमध आला, हात लावावा लागला नाही.

काय झालं

खर्र आवाज गेला. पावलांनी सुई उडणं गेलं, निदान सावकाश चालणाऱ्याचं. ३१५० हर्ट्झच्या चाचणी-रेकॉर्डवर वेग स्थिर, जी थोडी लाट उरली ती फेरीला एक अशी होती आणि रेकॉर्ड भोकात थोडी सरकवून बसवली की बदलायची, म्हणजे ती मशीनची नाही, भोक मध्यावर नसल्याची. तिला मॅट, वजन, क्लॅम्प कशानंच काही होत नाही. रबर गेल्यामुळं जडत्व थोडं कमी झालं होतं त्याचा परिणाम चाचणीत आम्हाला दिसला नाही.

वाकलेल्या रेकॉर्डींपैकी बहुतेक वॉशर आणि क्लॅम्पनं नीट वाजतात. एकीची कड एकाच जागी दुमडल्यासारखी आहे, तिला मध्यावरचा कुठलाही उपाय लागू पडत नाही, ती तशीच आहे.

ते स्टीलचं वजन काकांच्या पुतण्याकडं गेलं. त्याचं मशीन डायरेक्ट ड्राइव्ह, स्प्रिंगा नाहीत, आणि प्लॅटरवर किती भार चालतो ते मॅन्युअलमधे लिहिलेलं होतं, ते बघूनच दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

रबर मॅट काढायच्या आधी तिचं वजन आणि जाडी कोणी लिहून ठेवली असती तर अर्धं काम वाचलं असतं. नशिबानं काकांनी मॅट फेकली नव्हती. फेकली असती तर मशीन मूळ कुठल्या भाराला जुळवलेलं होतं हे शोधायला काही आधारच नव्हता.

बेल्ट बदलायच्या आधी वजन उचलून एक बाजू ऐकायला हवी होती. फुकटची चाचणी होती. दोष सुरू झाला त्याच्या लगेच आधी जे बदललं ते परत करून बघणं, हे पहिलं पाऊल असायला हवं, मग बदललेली वस्तू कितीही चांगली असो.

मॅट आणि वजन यांच्यात काही दिवसांचं अंतर होतं, म्हणून कुठल्यानं काय झालं ते सुटं करता आलं. दोन्ही एकाच दिवशी आले असते तर कॉर्कनं आलेली चमक वजनाच्या खात्यावर गेली असती आणि काकांनी ते वजन कधीच सोडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

मूळ मापाची नवी रबर मॅट घेऊन स्प्रिंगांना हातच न लावणं हाही एक चांगला रस्ता होता. जडत्वही परत मिळालं असतं. तो घेतला नाही कारण थकलेल्या स्प्रिंगमुळं जुळवणी कधीतरी करावीच लागणार होती. ज्याच्या तिन्ही स्प्रिंगा धड आहेत त्याला मी हाच रस्ता सांगेन.

थकलेली स्प्रिंग अजून तीच आहे. तिघी एकदम बदलायच्यात, सोबतचे रबरी बूचही, कारण तेही कडक झालेत. त्या दिवशी प्लॅटरवर असेल ते सगळं, चामडं कॉर्क क्लॅम्प वॉशर, परत काट्यावर जाईल आणि आकडे प्लिंथच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिले जातील, काकांनी ती चिठ्ठी आधीच लावून ठेवलीय.